पार्सलआप्पा आणि बुधवारच्या बाई

माझं अक्षर किडमिडीत आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथी पास झाले तेव्हा पाबळच्या मास्तरांनी वडिलांना सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, फक्त अक्षर सुधारायला हवं. ते राहूनच गेलं. ही वही कधी कुणाच्या हाती लागली, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. वाचवेना झालं तर मिटून ठेवावी, मला राग येणार नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

लिहायचं आहे ते आप्पांबद्दल. शिरूरला नदीच्या अंगाला आमचा बालकाश्रम होता, त्याचे ते व्यवस्थापक. चार खोल्या, एक पडवी, पंधरा-वीस मुलं, आणि मी तिथली आया. आश्रमात येण्याआधी आप्पांची सगळी नोकरी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात झाली होती. म्हणून गावात त्यांच्या मागे त्यांना पार्सलआप्पा म्हणायचे. आमच्याकडची काही मुलं परदेशी दत्तक जात, त्यामुळे हे नाव जास्तच पक्कं झालं. बाजारातून आप्पा निघाले की कुणीतरी विचारायचंच, काय आप्पा, यंदा किती पार्सलं गेली? आप्पा थांबत, छत्री बगलेत धरत आणि खरा आकडा सांगून पुढे जात. कधी एक, कधी एकही नाही.

आणे जाऊन नवे पैसे आले, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. अनाथ मुलांच्या संस्थांना सरकारचा मान्यतेचा दाखला घ्यावा लागेल, असा नियम निघाला होता. आप्पांनी पुण्याला बारा खेपा घालून तो दाखला आणला. दाखल्याच्या मागे जोडलेल्या कागदावर चौदा अटी टाइप केलेल्या होत्या. दुसऱ्या घरांत सकाळी आंघोळ झाली की पोथी वाचतात, आमच्याकडे आप्पा त्या चौदा अटी वाचायचे. उभे राहून, मोठ्याने. मी तेव्हा मुलांना बाटलीनं दूध पाजत असे. ऐकून ऐकून मला सगळ्या पाठ झाल्या, अजून आहेत. नववी अट अशी होती: मुलास आई, बाप अगर नातलग नाही, अगर असल्यास त्यांनी समजून-उमजून हक्क सोडला आहे, याची संस्थेने स्वतः खात्री केल्याखेरीज मूल बाहेर देता कामा नये. नववीला आप्पांचा आवाज चढायचा आणि झोपलेलं एखादं पोर दचकून रडायला लागायचं. मग आप्पा त्या पोराची माफी मागायचे. "क्षमा करा राव, पण हे तुमच्याच भल्याचं आहे," असं म्हणायचे आणि दहावीकडे वळायचे.

सगळ्या मुलांना ते अहो-जाहो करत. मुलांना नावंही ठेवत नसत. नाव ठेवायचा हक्क घरच्यांचा, आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. पण हाक तर मारावी लागते. म्हणून जे मूल ज्या वारी आलं, तो त्याचा वार. सोमवारचे राव, शुक्रवारच्या बाई. दोन शुक्रवार झाले की थोरले शुक्रवार, धाकटे शुक्रवार. तपासणीला आलेले एक साहेब हे ऐकून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आप्पांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

आश्रमात एक शब्द बंद होता, बेवारस. दूध घालायला येणारी बाईसुद्धा तो चुकून बोलली तर आप्पा म्हणायचे, "बेवारस काही नसतं. वारसाला उशीर होतो, एवढंच." हे त्यांना कुठून लागलं ते मला दौंडच्या एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं. पार्सल ऑफिसात न सोडवलेला माल मुदत संपली की लिलावात काढत. एकदा आप्पांच्या सहीनं एक ट्रंक गेली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी पदराला पावती बांधून आली. ट्रंकेत तिच्या वारलेल्या मुलाचे कपडे होते, तो सैन्यात होता. नियमात आप्पांची काही चूक नव्हती. पण आप्पा आठ दिवस रजा टाकून लिलावात ट्रंक घेणाऱ्याला शोधत फिरले आणि ट्रंक मिळाली नाही.

मूल परदेशी पाठवायचं ते दाखला असलेल्या संस्थेनंच, आणि तिकडूनही तशीच मान्यतेची संस्था मध्ये असली पाहिजे, यावर आप्पा अडून असत. आमचा पत्रव्यवहार मुंबईच्या एका संस्थेशी होता, त्यांचा तिकडच्या संस्थेशी. तिकडची बाई त्या नवराबायकोच्या घरी जाऊन सगळं बघून लिहून पाठवायची. आप्पा त्याला घर बघणं म्हणत. मुलगी द्यायची तर आपण चार वेळा घर बघतो, मग अख्खं पोर देताना एकदा तरी बघायला नको? पत्र आलं की मुंबईच्या संस्थेतल्या बाई त्याचं मराठी करून पाठवत, आणि आप्पा ते ज्या मुलासाठी आलं असेल त्याच्या पाळण्यापाशी उभे राहून वाचून दाखवत. सहा महिन्यांचं पोर, त्याला काय कळणार! तरी आप्पा मध्येच थांबून विचारायचे, "ऐकलंत ना? घरामागे सफरचंदाचं झाड आहे म्हणतात. आजी शेजारीच राहते." मग उलट पत्रानं ते प्रश्न पाठवायचे. रात्री मूल रडलं तर कोण उठणार? आजीचा स्वभाव कसा आहे? मुंबईच्या बाई आधी कंटाळल्या, नंतर त्यांना त्याची गंमत वाटायला लागली.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ मोटार घेऊन आले. दाखला-बिखला, कोर्टबिर्ट यात वर्ष कशाला घालवता, म्हणाले. माझ्याकडे साहेब लोकांची घरं तयार आहेत, महिन्यात मूल पोचतं आणि संस्थेला चांगली देणगी मिळते. आप्पांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि दाखला मागितला. त्यांनी खिशातून छापील कार्ड काढून दिलं. आप्पांनी ते उलटून-पालटून वाचलं आणि परत केलं. "हा तुमचा पत्ता झाला," म्हणाले. गृहस्थ जाईपर्यंत आप्पा त्यांच्या मोटारीचा नंबर वहीत लिहीत उभे होते.

नववी अट पुरी करायची आप्पांची स्वतःची रीत होती. मूल आलं की ते आजूबाजूच्या बाजारांत दवंडी द्यायचे. गावकीचं काम म्हणून दवंडी द्यायला आता पूर्वीची माणसं तयार नव्हती, आणि त्यांचं बरोबरच होतं. म्हणून आप्पांनी टांगेवाल्या चाचांना गाठलं. चाचांचा आवाज खणखणीत. तेलाचा रिकामा डबा काठीनं वाजवत चाचा ओरडायचे, ऐका हो ऐका, घोडनदीच्या आश्रमात मूल सापडलं आहे, अमुक रंग, अमुक खूण, कुणाचं हरवलं असेल त्यानं येऊन न्यावं. घोडनदी म्हणजे शिरूरच, जुनी माणसं तसंच म्हणायची. शिरूर झालं की पाबळ, पाबळ झालं की निमोणे, न्हावरा. प्रत्येक ठिकाणी तीन बाजार. चाचा म्हणायचे, आप्पा, तुमच्या पोरांपायी माझा घोडा म्हातारा झाला. कुणी न्यायला येत नसे. आप्पा तरी दवंडी सोडत नसत.

मूल जायची वेळ आली की आप्पा आणि मी त्याला घेऊन एस.टी.नं दौंडला जात असू आणि तिथून रेल्वेनं मुंबईला. दौंडला उतरलं की आप्पा आधी पार्सल ऑफिसात शिरायचे, कारण त्यांचा फक्त तिथल्या काट्यावर विश्वास होता. मूल काही त्या काट्यावर एकटं ठेवता येत नाही. म्हणून आधी मी मुलाला घेऊन उभी राहायची, मग मुलाला हमालाकडे देऊन एकटी. वजाबाकी करून आप्पा मुलाचं वजन फायलीच्या शेवटच्या पानावर लिहायचे. दौंड स्टेशनच्या सगळ्या हमालांना माझं वजन पाठ होतं. बाई, यंदा दीड किलो उतरलात, असं एकानं सगळ्यांदेखत सांगितलं तेव्हा मला प्लॅटफॉर्म फाटून आत जावंसं वाटलं होतं.

आता बुधवारच्या बाईंचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच ही वही उघडली.

दिवाळी होऊन गेली होती. आप्पा काही कामानं दौंडला गेले होते. मी मागच्या दारी लंगोट्या धूत होते. एक तरणी बाई आली, डोक्यावर बोचकं, कडेला चार महिन्यांची पोर. पोर तापानं फणफणलेली, डोळे खोल गेलेले. बाईनं काही विचारलं नाही. माझ्या ओल्या हातांत पोर दिली आणि म्हणाली, "राहू द्या हिला. आम्ही माघारी येतो." मी काही बोलेपर्यंत ती बांधावरून निघूनही गेली होती. मी काही बोलेपर्यंत असं लिहिलं खरं, पण मी काही बोललेच नाही. नाव विचारायला हवं होतं, गाव विचारायला हवं होतं. मला फक्त हातातली पोर किती तापली आहे तेवढं कळत होतं.

त्या वेळी आश्रमाचे अध्यक्ष आले होते. ते तेलाचे व्यापारी, माणूस मनानं वाईट नव्हता पण आवाज मोठा. त्यांनी नोंदवही काढली आणि विचारलं, कुणी आणून दिली? माझ्या तोंडून मागच्या दारानं एवढंच निघालं. त्यांनी लिहिलं: मागच्या दारी सापडली, आईबाप अज्ञात. मी ते वाचलं. चौथीपर्यंतचं वाचायला मला येत होतं. पण चूक झाली असं अध्यक्षांना सांगायचं कसं? आणि मला वाटलं, माघारी येतो असं तर सगळ्याच म्हणत असतील. पोर टाकून जाणारी बाई दुसरं काय म्हणेल?

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. नोंद वाचली, माझ्याकडे बघितलं. पेन उचललेलं तसंच राहिलं. मग त्यांनी सही केली.

बुधवारच्या बाई जगल्या. महिनाभर मी त्यांना चमच्यानं पाजलं. नंतर अंग धरलं, दोन दात आले, मला बघून हात पसरायला लागल्या. आप्पांनी चाचांना घेऊन चारी बाजारांत तीन-तीन दवंड्या दिल्या. कुणी आलं नाही. तिकडे डेन्मार्कातल्या एका जोडप्याचं पत्र आलं. नवरा ट्रामवर कामाला, बायको पावाच्या दुकानात. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी खोलीला पिवळा रंग दिला होता आणि मुलीसाठी नावही ठरवलं होतं. आप्पांनी ते नाव पाळण्यापाशी वाचलं नाही, बाकी सगळं वाचलं. पुण्याच्या कोर्टातून पालकत्वाचा हुकूम झाला. मुलीचं औषधपाणी, कोर्ट आणि आश्रमातला खर्च म्हणून त्या लोकांनी मुंबईच्या संस्थेमार्फत नऊशे रुपये पाठवले. मुलगी गेली नाही तर परत करायचे, असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं. पण चैत्रात वादळ झालं, पडवीचे पत्रे उडाले, आणि कोर्टाचा खर्च जाऊन उरलेले पैसे अध्यक्षांनी पत्र्यांत घातले. मुलगी तर जाणारच आहे, म्हणाले.

ज्येष्ठात आम्ही निघालो. आप्पा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर मेणकापडाची पिशवी, तीत सगळे कागद, कपड्यांची ट्रंक टपावर. मी मागे बायकांत, कडेवर नवं झबलं घातलेल्या बुधवारच्या बाई. न्हावऱ्याच्या अलीकडे एस.टी. थांबली. रस्ताभर मेंढरं. कोकणातून धनगरांचे वाडे परतत होते, वाडा म्हणजे त्यांचा कळप आणि सगळा चालता संसार. कंडक्टर म्हणाला, बसा आता अर्धा तास.

माझ्या शेजारी न्हावऱ्याची एक बाई होती. तिनं खिडकीतून एक पोरगा दाखवला, त्याच्या खांद्यावर मोठं झालेलं लंगडं कोकरू होतं.

"ते आमच्याकडं व्हतं," ती म्हणाली. "कार्तिकात ठिवलं व्हतं त्यांनी. असलं लंगडं, दुबळं घाटात मरतं, म्हणून वाटंवर वळखीच्या घरी ठेवत्यात. माघारी आलं की नेत्यात. घोंगडी देत्यात, न्हाईतर लोकर."

मी हळूच विचारलं, आणि आलेच नाहीत तर?

"येत्यात की. ठेवलं म्हंजी टाकलं व्हय?"

माघारी, हाच शब्द त्या बाईनं वापरला होता. बुधवारच्या बाई माझ्या मण्यांशी खेळत होत्या. अजून थोड्या वेळानं दौंड आलं असतं, मग काटा, मग रेल्वे, मग विमान. तिची आई मागच्या दारी येऊन उभी राहिली असती आणि मी पुन्हा ओल्या हातांनी गप्प उभी राहिले असते. सगळी एस.टी. बघत होती तरी मी उठले आणि पुढे गेले.

"आप्पा, हिची आई आली होती. माझ्याच हातात दिली तिनं. माघारी येतो म्हणाली."

आप्पांनी एवढे दिवस का बोलला नाहीत, असं विचारलं नाही. तिच्या पायात काय होतं, लुगडं कसं होतं, कुठल्या अंगाला गेली, एवढं विचारलं. मग कंडक्टरला म्हणाले, ट्रंक खाली घ्या.

"आप्पा, दौंडची गाडी चुकंल."

"चुकू द्या. नववी राहिली आहे."

कंडक्टरला काही समजलं नाही, पण त्यानं ट्रंक खाली दिली. मेंढरांच्या मधोमध उन्हात उभं राहून आप्पांनी फाइल उघडली आणि येणाऱ्या एकेका वाड्याला थांबवून विचारायला सुरुवात केली. माणसं हसत होती, मेंढरं त्यांच्या धोतराला घासून जात होती. चौथ्या की पाचव्या वाड्यातल्या एका म्हातारीनं कडेवरची पोर निरखून बघितली आणि म्हणाली, घोडनदीला लेकरू ठेवलेली व्हय? ती निमोण्याची. त्यांचा वाडा मागं हाय, दोन दिस लागत्याल.

बैलगाडीनं आम्ही निमोण्याला पोचलो. त्या बाईचा सासरा घरीच होता, दारात बसून लोकर पिंजत होता. आप्पांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, आबा, तुमच्या घरचं लेकरू शिरूरच्या आश्रमात आहे का?

"हाय की," म्हातारा म्हणाला. "सुनंनं ठिवलंय. आधीचं एक घाटात गेलं तिचं, म्हणून हे नेलं न्हाई. का, मेलं का काय?"

"नाही, नाही. हे काय, इथं आहे. पण आबा, इथल्या बाजारात आम्ही तीनदा दवंडी दिली. तुम्ही ऐकली नाही?"

"ऐकली की. डबं वाजवत व्हता त्यो. कुनाचं तरी लेकरू हरवलं म्हनत व्हता." म्हाताऱ्यानं लोकर खाली ठेवली. "लई वाईट वाटलं बघा. पर आमचं कुठं हरवलं व्हतं? आमचं तर घोडनदीला ठिवलेलं."

आप्पा तिथंच ओट्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली. मग त्यांनी फाइल उघडली आणि म्हाताऱ्याचं बोलणं शब्द न शब्द उतरवून घेतलं. पुढे त्यांनी दवंडीतले शब्द बदलले. हरवलं असेल हे काढून, कुणी ठेवलं असेल, विसरलं असेल, दिलं असेल, असं सगळं घातलं. चाचा म्हणायचे, आता दवंडी संपेपर्यंत बाजार उठतो.

मूल त्यांनी म्हाताऱ्याच्या हाती दिलं नाही. आई येईपर्यंत थांबायचं ठरलं. आप्पा शाळेच्या ओसरीवर राहिले, मी त्या घरात. दोन दिवसांनी वाडा आला. त्या बाईला मी लांबूनच ओळखलं. आप्पांनी तिला आधी पोर दाखवली नाही, काही खूण आहे का विचारलं. बिब्ब्याचे तीन ठिपके, पोटावर, डाव्या अंगाला, ती म्हणाली, म्याच लावलेत. फायलीत तसंच लिहिलेलं होतं. आप्पांनी नाव विचारलं. ठकू, ती म्हणाली. आप्पांनी पहिल्या पानावर बुधवार खोडून ठकू लिहिलं.

मी पोर तिच्याकडे दिली तर ठकूनं आकांत मांडला. माझा पदर सोडेना. मी मान खाली घालून उभी होते, वाटत होतं तिची आई आता मला बोलेल. ती पोरीचे केस हुंगत होती.

"रडू द्या," ती मला म्हणाली. "मेंढीबी आधी कोकराला हुंगती, मंग घेती. तुमच्या अंगाचा वास लागलाय तिला. बरी जगवलीसा."

मग तिनं नवी घोंगडी आणून आप्पांच्या पुढे ठेवली. आप्पा मागे सरले. मुलाबद्दल संस्थेला काहीही घेता येत नाही, ही पाचवी अट होती. ते ऐकून तिचा चेहरा उतरला. "म्या काय भीक मागाय आले व्हय? सात म्हैनं सांभाळली, त्याचं घ्या." आप्पांनी मनातल्या मनात अटी म्हटल्या, त्यांचे ओठ हलत होते. अकरावीला थांबले: पालक असल्यास ऐपतीप्रमाणे पोषणाचा खर्च घेण्यास हरकत नाही. त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि एक घोंगडी पोचल्याची पावती फाडून दिली. त्या बाईनं ती घडी करून चोळीत ठेवली.

शिरूरला आलो तर अध्यक्ष खवळले होते. नऊशे रुपये कुठून द्यायचे, पत्रे उतरवून विकायचे का, असं म्हणत होते. पोर धनगराच्या मागं दगडधोंड्यांत वाढणार, तिकडं राणीसारखी राहिली असती, असंही म्हणाले. कोर्टाचा हुकूम हातात आहे, अजूनही पोरीला घेऊन या, ती माणसं भांडायला यायची नाहीत, असं त्यांनी आप्पांना सुचवलं. आप्पा एवढंच म्हणाले की मग हा दाखला आधी पुण्याला परत करून येतो. अध्यक्षांनी तो विषय सोडला. ते पैसे आपल्या पगारातून फेडीन, असं आप्पांनी त्याच बैठकीत लिहून दिलं. त्यांना महिना पंच्याहत्तर रुपये मिळत.

डेन्मार्कच्या लोकांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्या बाईनं लिहिलं होतं की दोन दिवस ती दुकानात गेली नाही, पण मुलगी आईकडे आहे हे बरं झालं, आणि पैसे परत करू नका, तुमच्या मुलांना राहू द्या. पुढे त्यांना मुंबईच्या संस्थेकडून एक मुलगा मिळाला. अध्यक्षांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, प्रकरण मिटलं म्हणाले. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी पंधरा रुपयांची पहिली मनिऑर्डर मुंबईला केली.

मी त्यांना विचारलं, ते लोक सोडायला तयार आहेत तर का? आप्पा म्हणाले, "त्यांनी सोडले म्हणून आपण ठेवले, तर ती मुलीची किंमत होते. खर्च म्हणून आलेले पैसे मुलगी न देता ठेवायचे नाहीत आणि मुलगी देऊनही जास्त ठेवायचे नाहीत. दाखला त्यासाठी असतो."

दरमहा पंधरा. आप्पांनी तपकीर सोडली, नवी छत्री घेतली नाही. पावसात ते फायली छत्रीखाली धरायचे आणि स्वतः भिजायचे. एकदा धीर करून मी माझ्या पगारातले पाच रुपये त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, मी तेव्हा बोलले असते तर हे झालं नसतं.

आप्पांनी पैसे माझ्याकडे सरकवले. "प्रत्येक मुलाची चौकशी मी सगळ्यांकडे करतो. दूधवालीलासुद्धा सोडत नाही. त्या दिवशी नोंद वाचली तेव्हाच मला दिसलं की तुम्हाला काही सांगायचं आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही रडला असता, म्हणून विचारलं नाही. चूक माझी आहे, बाई."

मी त्या दिवशीही रडलेच. ते खिडकीबाहेर बघत बसले.

ठकूच्या घरचे दर वर्षी जाता-येता आश्रमावरून जायचे. ठकू लांबूनच बघायची, मला ओळखायची नाही. मी तिला गूळ-शेंगदाणे द्यायची.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात आप्पा गेले. चार दिवसांचा ताप, जास्त काही नाही. कपाटात मनिऑर्डरीच्या पावत्या सुतळीनं बांधलेल्या होत्या, सत्तावन्न. म्हणजे पंचेचाळीस रुपये राहिले होते. अध्यक्ष म्हणाले, आता कोण मागतंय, राहू द्या. खरंच कुणी मागत नव्हतं.

मला महिना तीस रुपये आणि जेवण मिळत होतं. मी पोस्टात कधी गेले नव्हते. पहिल्यांदा खिडकीपाशी उभी राहिले आणि माझ्या मागची चार माणसं पुढे जाऊ दिली. मग फॉर्म मागितला. पत्ता आप्पांच्या पावतीवरून उतरवला, अक्षर वेडंवाकडं आलं. पोस्टातल्या माणसानं विचारलं, पैसे कशाबद्दल ते खाली लिहा. मला लिहायला सुचेना, म्हणून मी तोंडानं सांगितलं, मोठ्यानं, की घोडनदीची एक मुलगी परदेशी जाणार होती, ती तिच्या आईकडे राहिली, त्याचे आहेत. त्यानं मान वर करून बघितलं आणि ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. दुसऱ्या महिन्यात मी पुन्हा गेले. तिसऱ्या महिन्यातही गेले. आठ दिवसांनी मुंबईच्या बाईंचं पत्र आलं, माझ्या नावानं, माझ्या नावानं आलेलं पहिलं पत्र. नऊशे रुपये पूर्ण पोचले, असं त्यात लिहिलं होतं.